दहा बोटांची स्लिप

रमण राघवची गोष्ट लोक सांगतात ती भीतीची असते. १९६८चा पावसाळा, मुंबईची उपनगरं, झोपेत असलेल्या माणसांच्या डोक्यात पडलेले घाव. आमच्या अंगुलिमुद्रा केंद्रात नव्याने लागलेल्यांना ही गोष्ट सांगायची रीत मात्र वेगळी होती. मला शिकवणारे साहेब दोन-तीन वर्षं आधीपासून सुरुवात करायचे. १९६५-६६मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांत, मध्य रेल्वेच्या (पूर्वीच्या जीआयपीच्या) रुळांच्या कडेने, उघड्यावर आणि झोपड्यांत राहणाऱ्या १९ जणांवर हल्ले झाले. ९ जण मेले. एवढं सांगून ते विचारायचे, "मग उरले किती?" आम्ही म्हणायचो, दहा. "त्या दहांबद्दल कुणी काही विचारतं का बघा," असं म्हणून ते पुढे जायचे.

केमिस्ट्रीत बीएस्सी करून सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी या कामाला लागले, ऑल इंडिया बोर्डाची परीक्षा दिली, तज्ज्ञ झाले आणि निवृत्त होईपर्यंत भिंगातून रेषाच बघत राहिले. बाहेरच्या माणसाला वाटतं, ठसा मिळाला की खून उलगडला. तसं नसतं. हा हात इथे लागला होता, एवढंच ठसा सांगतो. केव्हा लागला, कशासाठी लागला, त्या वेळी दुसऱ्या हातात काय होतं, हे सांगायला बघणारा माणूस लागतो. आणि एकामागून एक अनोळखी माणसं मारत सुटलेल्याच्या बाबतीत असा बघणारा म्हणजे बहुधा त्याच्याच हातून वाचलेला कुणीतरी. आमच्या कामाचा इतिहास मी या दोघांचा मिळून वाचते: कपाटातली दहा बोटांच्या ठशांची स्लिप आणि जिवंत राहिलेला माणूस.

हे काम उभं राहिलं आपल्याच देशात, बंगालमध्ये. १८५८ साली हुगळीकाठच्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या माणसाशी रस्त्याच्या खडीचा करार केला आणि सहीच्या जोडीला त्याच्या पंजाचा ठसा उमटवून घेतला. सही आपली नव्हेच असं उद्या त्याने म्हणू नये, हा हेतू. पुढे हर्शेलने पेन्शनीच्या कागदांवर, दस्तनोंदणीत आणि तुरुंगात ठसे घ्यायला लावले. रेषा जन्मभर बदलत नाहीत, हे फ्रान्सिस गाल्टनने १८९२च्या पुस्तकात मांडलं. पण खरी अडचण निराळीच होती. हजारो कैद्यांचे ठसे जमवले, कपाटं भरली, आणि उद्या एक माणूस वेगळं नाव सांगत समोर उभा राहिला, तर त्याचा जुना कागद काढायचा कसा? नावावरून काढता येत नाही, कारण नावच खोटं आहे.

ही अडचण सोडवली ती कलकत्त्यात पोलीस अधिकारी एडवर्ड हेन्रीच्या हाताखाली काम करणाऱ्या काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी. आपल्याकडे बाळाची बोटं न्याहाळून शंख किती, चक्रं किती ते मोजतात. या पद्धतीतही सुरुवातीला मोजायची ती चक्रंच. दहा बोटांच्या पाच जोड्या करायच्या. पहिल्या जोडीतल्या बोटावर चक्र असेल तर १६, दुसरीत ८, तिसरीत ४, चौथीत २, पाचवीत १. एकाआड एक बोटांची बेरीज वर मांडायची, उरलेल्यांची खाली, आणि दोन्हींत एकेक मिळवायचा. एकही चक्र नसेल तर १/१. दहाही बोटांवर चक्रं असतील तर ३२/३२. म्हणजे ३२ गुणिले ३२, एकूण १०२४ कप्पे. त्याच्या आत आणखी बारीक वर्गवारी आहे, शंखाच्या मध्यापासून कडेपर्यंत रेषा किती हे मोजण्याची. पण या पहिल्या अपूर्णांकानेच हजारो स्लिपमधून बघण्याजोग्या मूठभर उरतात. १२ जून १८९७ रोजी गव्हर्नर जनरलने या पद्धतीला मान्यता दिली आणि कलकत्त्याचा ब्युरो सुरू झाला, जगातला पहिला. स्कॉटलंड यार्डात हे काम १९०१ साली गेलं. जगभर पद्धत हेन्रीच्या नावाने चालते. हक यांना खानबहादूर आणि बोस यांना रायबहादूर हे किताब मिळाले, मानधनही मिळालं, पण बऱ्याच वर्षांनी. मी शिकवायला लागले तेव्हा फळ्यावर आधी हक आणि बोस ही नावं लिहायचे, मग हेन्री.

खुनी शोधण्यासाठी हे सगळं उभं केलेलंच नव्हतं, हे लक्षात ठेवायला हवं. नाव बदलून फिरणारा सराईत गुन्हेगार ओळखावा, त्याच्या आधीच्या शिक्षा कोर्टापुढे याव्यात, एवढाच उद्देश. म्हणून पहिली खुनाची केस आली तेव्हा तिने या कामाचं बळ आणि मर्यादा दोन्ही एकदम दाखवून दिल्या.

ती जलपायगुडीची. १८९७ साली तिथल्या एका चहामळ्याचा व्यवस्थापक बिछान्यात गळा चिरलेल्या अवस्थेत सापडला. पैसे गेलेले. संशय अनेकांवर: मळ्यातले मजूर, स्वयंपाकी, जवळपास फिरणारे काबुली, आणि कांगालीचरण नावाचा एक जुना नोकर, ज्याला याच व्यवस्थापकाच्या फिर्यादीवरून चोरीसाठी तुरुंगवास झाला होता. मेलेल्याच्या कागदपत्रांच्या पेटीत एक बंगाली पंचांग होतं. त्याच्या मुखपृष्ठावर तपकिरी डाग होते आणि त्यांतला एक भिंगाखाली अंगठा निघाला. कलकत्त्याच्या कपाटात कांगालीचरणची स्लिप होती, कारण तो आधी शिक्षा भोगून आलेला. उजवा अंगठा जुळला. डाग रक्ताचे असल्याचं रासायनिक परीक्षकानेही सांगितलं. तो बीरभूममध्ये सापडला, खटला उभा राहिला, आणि १८९८ साली कोर्टाने त्याला चोरीसाठी दोषी धरलं, खुनासाठी नाही. त्याचा हात पंचांगाला लागला हे सिद्ध झालं होतं. सुरी चालवताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं.

पुष्कळ तज्ज्ञ हा निकाल जरा कमीपणाचा म्हणून सांगतात. मला तो योग्य वाटतो. पहिल्याच मोठ्या खटल्यात न्यायाधीशांनी ठशाला त्याच्या पायरीवर बसवलं, ना वर ना खाली. पुढच्याच वर्षी, १८९९मध्ये, पुरावा कायद्याच्या कलम ४५मध्ये बोटांच्या ठशांचा समावेश झाला आणि तज्ज्ञाची साक्ष कायद्याने मान्य झाली. पण पिंजऱ्यात उभं राहून मी जेव्हा जेव्हा साक्ष दिली, तेव्हा बचावाचे वकील अखेर जलपायगुडीच्याच प्रश्नापाशी येऊन थांबायचे, त्यांनी ते नाव ऐकलेलं असो वा नसो: "बाई, हा ठसा गुन्ह्याच्या वेळचाच, हे तुम्ही सांगू शकता का?" नाही, सांगू शकत नाही. ते दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागतं.

आमच्या टेबलावर काम कसं चालायचं तेही सांगते, कारण सिनेमात ते कधी दिसत नाही. ठाण्यातून आणि तुरुंगातून स्लिप यायच्या. काचेवर छापखान्याची काळी शाई रोलरने पातळ पसरायची, कैद्याच्या खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, त्याला हात सैल सोडायला सांगायचं. अंगठा शरीराच्या दिशेने फिरवायचा, बाकीची बोटं बाहेरच्या दिशेने, नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. घाबरलेला माणूस स्वतःच जोर लावतो आणि रेषा फिसकटतात. गवंड्याची बोटं चुन्या-सिमेंटने घासून गुळगुळीत झालेली असतात. दिवसभर भांडी घासणाऱ्या बाईच्या बोटांवर इतक्या चिरा असतात की रेषा तुकड्यातुकड्यांनी वाचाव्या लागतात. मग ती स्लिप भिंगाखाली घ्यायची, सुईच्या टोकाने एकेक रेषा मोजत जायची, सूत्र लिहायचं, आणि ते दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यायचं. सूत्रात एक आकडा चुकला तर ती स्लिप भलत्या कप्प्यात जाते आणि तिथे कायमची गाडली जाते. नाव खोटं असलं तरी चालतं. सूत्र चुकलेलं चालत नाही.

आता मुंबई.

१९६५-६६च्या हल्ल्यांच्या वेळी त्या भागात संशयास्पद फिरणारा एक बेघर माणूस पोलिसांनी पकडला होता. तो रमण राघव. पोलीस दफ्तरात तो आधीपासून होता, जबरी चोरीसाठी पाच वर्षांची शिक्षा भोगून आलेला. पण त्याला या हल्ल्यांशी जोडणारा, कोर्टात टिकेल असा पुरावा नव्हता. त्याला सोडावं लागलं. वाचलेली दहा माणसं होती, संशयित ठाण्यात होता, आणि या दोन टोकांची गाठ पडली नाही.

ती का पडली नसेल, हे मी माझ्या नोकरीत पाहिलेल्या इतर जबाबांवरून सांगू शकते. पहिलं कारण उघड आहे. झोपेत डोक्यात घाव बसलेल्या माणसाने मारणाऱ्याला पाहिलेलंच नसतं, आणि पाहिलं असलं तरी मेंदूला मार लागल्यावर घावाच्या आधीचे क्षण आठवणीतून पुसले जाऊ शकतात. दुसरं कारण आपल्या हातातलं आहे. इस्पितळात जखमीचा जबाब घ्यायला जो येतो तो नाव, वय, गाव विचारतो आणि मग हमखास विचारतो, "कुणावर संशय आहे का? कुणाशी वैर?" शेतीच्या वादातल्या मारामारीत हा प्रश्न बरोबर आहे. फुटपाथवर झोपणाऱ्या मजुराचं कुणाशी वैर असणार? तो खरं उत्तर देतो, "नाही साहेब." जबाबाचा कागद तिथे संपतो. न ओळखता मारणारा माणूस या प्रश्नात सापडतच नाही. तिथे विचारायला हवं ते वेगळंच: अंगावर काय होतं, पायात काय होतं, कुठल्या भाषेत पुटपुटला, वास कसला आला, दिवसा कधी असा कुणी इकडे फिरताना दिसला होता का, आणि जाताना त्याने काय हाताळलं.

घावसुद्धा एक साक्ष असते, आणि तीही जिवंत माणसाच्या अंगावर असते. कठीण, बोथट वस्तूने कवटी आत दबते तेव्हा कधी कधी त्या खड्ड्याला हत्याराचाच आकार येतो. मेलेल्याची कवटी पोस्टमॉर्टेममध्ये मोजली जाते. वाचलेल्याच्या जखमेला टाके पडतात, पट्टी बसते आणि मोजायचं राहून जातं. मुंबईतले हे हल्ले सगळे रात्रीचे, माणसं सगळी गरीब आणि उघड्यावर किंवा तकलादू झोपडीत झोपलेली, हत्यार तेच कठीण आणि बोथट. असा सांधा जुळला की मगच पोलीस म्हणू शकतात की हात एकाचाच आहे.

१९६८मध्ये हल्ले पुन्हा सुरू झाले, या वेळी उत्तरेकडच्या उपनगरांत. शहराची झोप उडाली. लोक काठ्या घेऊन रात्रीचे पहारे करायला लागले आणि त्या भीतीत वाटेवरच्या निरपराध भिकाऱ्यांनी, वेडसर माणसांनी मार खाल्ला. रमाकांत कुलकर्णी तेव्हा गुन्हे शाखेचे उपायुक्त होते. त्यांनी तपास हातात घेतला आणि शहरभर शोधमोहीम लावली. पुढे ते राज्याचे पोलीस महासंचालक झाले आणि आपल्या तपासांवर त्यांनी पुस्तकंही लिहिली. पण या मोहिमेतला निर्णायक क्षण एका सब-इन्स्पेक्टरचा आहे. अ‍ॅलेक्स फियालो यांनी ऑगस्टच्या अखेरीस रस्त्यावरच्या एका माणसाला ओळखलं. जुन्या दफ्तरातला फोटो त्यांनी पाहिलेला होता, आणि ज्यांनी त्या माणसाला पाहिलं होतं त्यांनी सांगितलेलं वर्णन त्यांच्या मनात होतं. फोटो कपाटातून आला, वर्णन जिवंत माणसांकडून आलं. दोन वर्षांपूर्वी जी गाठ पडली नव्हती ती इथे पडली.

त्या झडतीची यादी मी अनेकदा शिकवताना वापरली. शेजारपाजारच्या दोन प्रतिष्ठित माणसांना पंच म्हणून बोलावलं गेलं. अंगावर खाकी अर्धी चड्डी, निळा बुशशर्ट, पायांत कॅनव्हासचे बूट. बुटांना चिखल, शर्टावर रक्ताचे डाग. जवळ एक चष्मा, दोन कंगवे, एक कात्री, उदबत्तीचं घर, साबण, लसूण, चहाची पूड, आणि आकडेमोड केलेले दोन कागद. पंचनामा म्हणजे रटाळ कागद असं नव्या पोरांना वाटतं. मी त्यांना ही यादी मोठ्याने वाचायला लावायचे. लसणाचा या खुनांशी काय संबंध हे त्या दिवशी कुणालाच माहीत नव्हतं, तरी लिहिणाऱ्याने लसूण गाळला नाही. तपासात काय उपयोगी पडेल हे आधी ठरवायचं नसतं.

त्याने नाव सांगितलं रमण राघव. दफ्तरात तो सिंधी दलवाई होता. शिवाय तळवाई, अण्णा, थंबी, वेलुस्वामी. अटकेनंतर घेतलेले ठसे जुन्या स्लिपशी ताडले आणि रमण राघव म्हणजेच सिंधी दलवाई हे पक्कं झालं. इथे ठशाने खून सिद्ध केला नाही. हक आणि बोस यांनी ज्या कामासाठी ही पद्धत घडवली होती नेमकं तेवढंच केलं: पाच-सहा नावांखाली विखुरलेलं एक आयुष्य एका माणसाच्या अंगावर आणून ठेवलं. तुरुंगात ज्या कुणी त्याची बोटं शाईत फिरवली आणि ज्या कुणी ती स्लिप बरोबर कप्प्यात ठेवली, त्यांची नावं कुठे छापून आली नाहीत. ती स्लिप चुकीच्या कप्प्यात असती तर काय झालं असतं, या विचाराने मी माझ्या टेबलावर सूत्रं दोनदा तपासत आले.

शर्टावरच्या रक्ताबद्दल लोक आजच्या हिशेबाने विचारतात, म्हणून सांगते. तेव्हा डीएनए चाचणी नव्हती. त्या काळची प्रयोगशाळा तीन गोष्टी सांगू शकत होती: डाग रक्ताचा आहे का, माणसाच्या रक्ताचा आहे का, आणि डाग पुरेसा असेल तर गट कोणता. ए, बी, एबी की ओ. एवढ्यावर ते रक्त अमक्याचंच, असं म्हणता येत नाही, कारण तोच गट मुंबईत लाखोंचा असतो. म्हणून रक्तालाही माणसाच्या शब्दाची जोड लागायची.

अटकेनंतर बराच काळ तो बोलतच नव्हता. त्याने मागितलेलं कोंबडीचं जेवण दिल्यावर बोलायला लागला आणि हत्यार कोणतं, पद्धत कोणती, सगळं तपशिलाने सांगितलं. १९६६मध्ये रुळांच्या कडेने आणि १९६८मध्ये उपनगरांत अनेक खून केल्याचं त्याने कबूल केलं. पण पोलिसांपुढची कबुली तेव्हाच्या पुरावा कायद्यात कलम २५ने बाद ठरायची. मारून, धमकावून वदवून घेतलेलं कोर्टात चालू नये म्हणून हा नियम आहे आणि तो असायलाच हवा. म्हणून खटला चालला तो दोनच खुनांचा, मालाडच्या चिंचवली गावातल्या दोघांच्या. बाकीच्यांचा आकडा कबुलीत राहिला, निकालपत्रात आला नाही. त्या घरांतल्या माणसांना आपला माणूस कुणी मारला हे कुठल्याही न्यायाधीशाने कधी सांगितलं नाही. वाचलेल्यांचे जबाब पहिल्या दिवसापासून नीट घेतले, तर निदान त्यांच्यावरच्या हल्ल्यांचे खटले स्वतंत्रपणे उभे राहू शकतात, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

जून १९६९मध्ये सेशन्स कोर्टात खटला सुरू झाला तेव्हा बचाव पक्षाने आरोपीचं मन ठिकाणावर नाही असा अर्ज दिला. पोलीस सर्जननी त्याला २८ जून ते २३ जुलै देखरेखीखाली ठेवलं आणि तो वेडा नाही, खटला समजू शकतो, असं मत दिलं. नायर हॉस्पिटलच्या मानसोपचारतज्ज्ञांनी उलट साक्ष दिली: त्याला दीर्घकाळचा पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया आहे, आपण करतो ते बेकायदा आहे हे त्याला उमगत नाही. सेशन्स कोर्टाने फाशी दिली. त्याने अपील केलं नाही. फाशी कायम करण्याआधी हायकोर्टाने तीन मानसोपचारतज्ज्ञांचं खास मंडळ नेमायला लावलं. ते त्याला पाच वेळा भेटले, दर वेळी दोनेक तास. शेवटच्या भेटीत निघताना त्यांनी हात पुढे केला. त्याने हात मिळवला नाही. आपण 'कानून'चे प्रतिनिधी आहोत, या दुष्ट जगातल्या माणसांना शिवणार नाही, असं तो म्हणाला. त्याच्या मनात दोन जगं होती, एक कानूनचं आणि एक आपलं सगळ्यांचं. हायकोर्टाने फाशीची जन्मठेप केली. त्याला येरवड्याला ठेवलं, उपचारही चालू होते. १९९५मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या आजाराने तो वारला.

आमच्या स्लिपवर नाव असतं, बापाचं नाव, उंची, खुणा, आधीच्या शिक्षा. मनाच्या आजाराचा रकाना नसतो. हा माणूस पाच वर्षं तुरुंगात होता, १९६६मध्ये पोलिसांच्या हातात होता. त्याच्या आजाराकडे तेव्हा कुणी तज्ज्ञ नजरेने पाहिलं असतं तर पुढे काय झालं असतं, हा प्रश्न पोलिसांइतकाच तुरुंगांना आणि दवाखान्यांना लागू आहे. फाशी रद्द झाली म्हणून आजही काही जण हळहळतात. मी नाही. दोन मतं समोर असताना कोर्टाने तिसऱ्यांदा तपासून घेतलं, हे मला या प्रकरणातलं सर्वांत जबाबदार काम वाटतं.

वाचलेल्या माणसाला काय करता येतं, हे दाखवणारं दुसरं प्रकरण परदेशातलं आहे. नोव्हेंबर १९८४, अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातलं टँपा शहर. तिथे महिनोन्‌महिने बायकांचे मृतदेह सापडत होते आणि काहींच्या अंगावर लाल नायलॉनचे बारीक धागे होते. गाडीतल्या गालिच्याचे असावेत, इतपत अंदाज, पण गाडी कुठली? डोनटच्या दुकानातली पाळी संपवून रात्री सायकलवरून घरी निघालेल्या सतरा वर्षांच्या मुलीला बॉबी जो लाँग या माणसाने पळवलं, डोळे बांधले, अत्याचार केले आणि २६ तास डांबून ठेवलं. त्या अवस्थेत तिने ठरवून पुरावा गोळा केला. पट्टीच्या खालच्या फटीतून गाडीतला 'मॅग्नम' हा शब्द वाचला. वाटेत तो एटीएमपाशी थांबला ते लक्षात ठेवलं. आणि त्याच्या बाथरूममध्ये जिथे जमेल तिथे बोटं दाबून स्वतःचे ठसे ठेवले, आपण मेलो तरी आपण इथे होतो हे कुणाला तरी कळावं म्हणून. मग त्याच्याशी बोलत राहून, त्याच्या मनात दया उत्पन्न करून ती सुटली.

सुरुवातीला घरातूनच तिच्यावर विश्वास बसला नाही. एका तपास अधिकाऱ्याचा बसला. तिच्या कपड्यांवर तेच लाल धागे निघाले, म्हणजे तिला पळवणारा आणि खून करणारा एकच. तिच्या सांगण्यावरून गाडीचा प्रकार कळला, आणि त्या पहाटे एटीएम कुणी कुणी वापरलं हे बँकेच्या नोंदींत शोधता आलं. १६ नोव्हेंबरला, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत, लाँग पकडला गेला. प्रयोगशाळेकडे धागे आधीपासून होते, पण ते कुठल्या गाडीशी ताडायचे हे सांगितलं त्या मुलीने. ती पुढे तिथल्याच शेरीफच्या खात्यात अधिकारी झाली. ठशांचा वापर मी जन्मभर आरोपी शोधायला केला. मारला जाणारा माणूस स्वतःची स्लिप मागे ठेवून जातो, हे वाचल्यावर मी बराच वेळ काम करू शकले नाही.

आता कपाटं गेली. २०२२पासून देशभरचे ठसे 'नाफिस' नावाच्या एका संगणक प्रणालीत शोधता येतात, आणि त्याच वर्षी १९२०चा जुना कैदी ओळख कायदा जाऊन नवा आला. एकट्या, अर्धवट ठशावरूनही यंत्र उमेदवार काढून देतं. आमच्या काळी ते फार अवघड होतं, कारण सूत्र दहा बोटांचं आणि घटनास्थळी मिळायचा अंगठ्याचा तुकडा. अशा वेळी आधी संशयितांची यादी लागायची, म्हणजे पुन्हा कुणाचं तरी वर्णन लागायचं.

मी हाताळलेली एक केस या सगळ्याच्या मानाने अगदी लहान आहे. एका वाड्यात एकट्या राहणाऱ्या आजींना डोक्यात मारून चोराने बांगड्या नेल्या होत्या. त्याच पेठांत तशा आणखी घटना घडल्या होत्या आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांचा त्यात जीव गेला होता. मी घटनास्थळी कपाटावर, दारावर, कडीवर पावडर टाकून पाहिली. घरच्यांचेच ठसे, एकावर एक. जबाबात 'संशय नाही' एवढंच. मी इस्पितळात गेले, त्यांच्या खाटेपाशी बसले आणि विचारलं, "आजी, तो घरात असताना त्याने कशाकशाला हात लावला?"

"कशाला लावणार, बाई? बांगड्या काढल्या नि गेला."

"लगेच गेला?"

त्या जरा थांबल्या. "नाही. पाणी प्यायला. माठावरचं फुलपात्र घेतलं, प्यायला, आणि पालथं ठेवलं. मी कधी पालथं ठेवत नाही."

फुलपात्र अजून तिथेच पालथं होतं. बाहेरच्या बाजूला अंगठा आणि दोन बोटं, स्टीलवर स्वच्छ. आजींनी सांगितलं, माणूस ठेंगणा होता आणि एक पाय ओढत चालायचा. त्या खुणांचे त्या भागातले जुने घरफोडे आम्ही कपाटातून काढले आणि एकेक स्लिप ताडत गेलो. त्यांतल्या एकाचा अंगठा जुळला. कोर्टात आजींना मोतीबिंदूमुळे त्याचा चेहरा ओळखता आला नाही, आणि बचावाच्या वकिलांनी त्यावर भर दिला. मग मुद्देमाल म्हणून फुलपात्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते बोटांनी चाचपलं, काठाशी कोरलेलं स्वतःचं नाव वाचून दाखवलं आणि सांगितलं की त्या दिवशी सकाळी आपण ते घासून, पुसून ठेवलं होतं, त्यानंतर घरात तो एकटाच आला. त्यांच्या त्या एका वाक्याने माझ्या ठशाला वेळ मिळाली. माझी साक्ष त्यांच्यानंतर झाली, आणि नेहमीचा तो प्रश्न वकिलांनी मला विचारला नाही.